जुनी मोठी अमेरिकन सेडान घेताय? या चुका टाळा

गेली २२ वर्षं मी मिशिगनमध्ये जुन्या, लांबलचक अमेरिकन सेडान वापरतोय. फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाउन कार या एकाच घराण्यातल्या बहिणी. स्वतंत्र चेसी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, पुढे आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, ताकद मागच्या चाकांना. १९७९च्या मॉडेलपासून सुरू झालेलं हे घराणं २०११मध्ये बंद झालं. स्वस्त आणि ऐसपैस म्हणून आपल्याकडची शिकायला आलेली मुलं या गाड्या घेतात आणि मग मला फोन येतो, "काका, जरा बघता का?" बघतो. पण दर हिवाळ्यात त्याच चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे एअर सस्पेन्शन समजून न घेता गाडीला जॅक लावणं. बहुतेक टाउन कारना मागे लोखंडी स्प्रिंग नसतात, हवेचे रबरी स्प्रिंग असतात. मागची उंची एक सेन्सर बघतो. माल भरला की कॉम्प्रेसर हवा भरतो, उतरवला की सोडतो. जॅकने मागची बाजू उचलली की सेन्सरला वाटतं गाडी फार वर गेलीय, आणि तो हवा सोडून देतो.

एका मुलाने १९९७ची टाउन कार घेतली होती. जानेवारीत रात्री हायवेवर टायर बसला. थंडी मरणाची, म्हणून मित्र आत, हीटर चालू, इंजिन चालू. तशीच गाडी उचलली, स्टेपनी लावली, जॅक खाली केला. मागची बाजू थेट बसली. रिकामं रबर घडी पडून चिमटलं आणि फाटलं. त्यानं तशीच घरी आणली, वर चार दिवस चालवली. फाटक्या स्प्रिंगात हवा भरता भरता कॉम्प्रेसर जळला. शंभरेक डॉलरचं दुखणं सातशेवर गेलं. हे सस्पेन्शन बंद करायचा स्विच डिकीतच होता, ज्या डिकीतून त्यानं स्टेपनी काढली तिथेच. जॅक लावण्याआधी आणि टोइंगला देण्याआधी तो बंद करायचाच. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, पण गाडी घेतल्यावर मॅन्युअल वाचण्याइतका धीर कुणाला नसतो.

माझी सवय सांगतो. रात्री गाडी उभी केली की मागच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजतो, सकाळी पुन्हा मोजतो. खाली आली असेल तर साबणाचं पाणी घेऊन बुडबुडे शोधतो. पुष्कळदा हवेच्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हच्या तोंडावरच्या रबरी रिंगा कडक झालेल्या निघतात, त्या फार स्वस्त असतात. लोक वैतागून सगळं काढतात आणि लोखंडी स्प्रिंग टाकतात. मला ते पटत नाही. मागे तीन माणसं आणि डिकीत चार बॅगा असतानाही गाडी सपाट राहते, हेच तर टाउन कारचं सुख.

दुसरी चूक रंगाला भुलण्याची. इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते चेसी आतून खातं. वरून आरशासारखी चकाकणारी ग्रँड मार्क्विस मी जॅकवर घेतली, तर जॅक चेसीत घुसलेला पाहिलाय. मी पुठ्ठा अंथरून गाडीखाली आडवा होतो आणि मागच्या ॲक्सलच्या वरची चेसीची कमान छोट्या हातोडीने ठोकत जातो. खणखणीत आवाज हवा. बद्द वाजलं की उठतो, हात झटकतो, घरी येतो. "दुसरं गिऱ्हाईक निघालंय" असं विकणारा म्हणाला तरी गाडीखाली आडवं झाल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

बाकीचं थोडक्यात.

नव्वदीच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच ४.६ लिटर इंजिनांवर नायलॉनचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरना हवा पुरवणारा भाग, असतो आणि त्याच्या पुढच्या भागातून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, वाहतं. तो भाग अल्टरनेटरजवळ तडकतो. गळती थांबवायची पावडर रेडिएटरमध्ये टाकू नका, हीटरच्या बारीक नळ्या तुंबतात. पुढचा भाग ॲल्युमिनियमचा असलेला मॅनिफोल्ड मिळतो, तोच बसवा.

स्पार्क प्लग गरम इंजिनावर उघडू नका. जुन्या सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, प्लगला धरणारे आटे मोजकेच असतात. नवा प्लग आधी हातानेच फिरवायचा, शेवटी टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना.

साधारण ४५ मैलांच्या वेगाला, हलक्या पायाने चालवताना गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरली, तर लगेच गिअरबॉक्स उघडायला देऊ नका. आधी गिअरबॉक्सचा फिल्टर आणि ऑइल बदला, मर्कॉन व्ही हे फोर्डचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घाला. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेला डबा मी घरात आणत नाही.

पोलिसांची निवृत्त क्राउन व्हिक्टोरिया घेताना नुसते मैल बघू नका. ती तासन्‌तास जागेवर चालू उभी असते. जागेवर एक तास म्हणजे ३३ मैल, असा फोर्डचाच हिशोब आहे. २००६ पासूनच्या पोलिसांच्या गाड्यांत इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं मीटर आहे. चावी फिरवा, आकडा कागदावर लिहा, ३३ ने गुणा आणि मग भाव बोला.