लोभ स्वतःत शोधायचा कसा: वही, पेन आणि लूकचा बारावा अध्याय

बाबा गेल्यावर वाटणीवरून भाऊ आणि मी तीन वर्षं बोललो नाही. त्या काळात माझी रविवारची उपासना चुकली नाही, दशमांशही, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देणं, चुकला नाही. लोभी कोण, तर भाऊ, हे मी मनात पक्कं ठरवलं होतं.

मग लूक 12:13 समोर आलं, म्हणजे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय, तेरावं वचन. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. त्याची तक्रार खरीही असेल. पण येशू निवाडा करायला बसत नाही. सगळ्या प्रकारच्या लोभापासून जपा, एवढं सांगतो. मूळ ग्रीक शब्द आहे प्लिओनेक्सिया, म्हणजे आहे त्याहून जास्त हवं असणं. हक्क खरा असला तरी ही हाव त्याला चिकटलेली असू शकते. तुमचाही असा काही वाद चालू असेल, तर सुरुवात तिथूनच करा.

पुढे येशू धनवान मूर्खाचा दाखला, म्हणजे बोधकथा, सांगतो: भरघोस पीक आलेला एक श्रीमंत माणूस मोठी कोठारं बांधायचं ठरवतो. ती मोठ्याने वाचा आणि 'माझे' हा शब्द येईल तिथे खूण करा. पीक माझं, कोठारं माझी, माल माझा, जीवसुद्धा माझा. त्याने चोरी केलेली नाही, जमीन पिकली एवढंच. पण त्याच्या साऱ्या बोलण्यात दुसरं माणूस नाही, तो बोलतो तेही स्वतःशीच. देव त्याला म्हणतो, आज रात्रीच तुझा जीव जाणार, मग हे सगळं कोणाचं होणार?

आता वहीत आपल्या दहा वस्तू लिहा. प्रत्येकीसमोर दोन गोष्टी मांडा: ती कोणामुळे मिळाली आणि गेल्या महिन्यात ती आपल्याशिवाय कोणाच्या उपयोगी पडली. घाई करू नका. माझ्या पानावर दुसरा रकाना जवळजवळ कोराच राहिला होता.

मग लूक 19:8. जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार येशूला भेटल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका. जे परत करायचं आहे ते दान म्हणून मांडता येत नाही. आईच्या दोन बांगड्या मी वाटणीत दाखवल्याच नव्हत्या. त्या भावाकडे नेऊन दिल्या, आणि त्या महिन्याचं अर्पण वेगळं दिलं.

दान गुपचूप द्या, मत्तय 6 मध्ये तसंच सांगितलंय. मात्र घरच्यांचं अडवून देऊ नका. आईवडिलांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केलंय, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्क 7 मध्ये खडसावलंय. पैसा मुळातच वाईट असंही मानू नका. 1 तीमथ्य 6:10 मध्ये पैशाच्या लोभाला सर्व प्रकारच्या वाइटाचं मूळ म्हटलंय, पैशाला नाही. त्याच अध्यायात श्रीमंतांना चांगल्या कामांत धनवान व्हा, इतरांना वाटून द्यायला तयार राहा, असं सांगितलंय. मला ही दुसरी श्रीमंती मोजता येत नाही, पण वहीतला तो रकाना भरायला लागला की ती कळते.

शेवटी बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातली आगूर नावाच्या माणसाची प्रार्थना पाठ करा, 30:8-9. दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याची भाकर दे. तृप्त झालो तर तुला विसरेन आणि दरिद्री झालो तर चोरी करेन, अशी दोन्हीकडची भीती तो देवासमोर मांडतो. ही प्रार्थना पैशाच्या हिशोबाला बसण्याआधी करा, नंतर नाही.