प्रोस्टेट कॅन्सर: आधी रिपोर्ट, मग उपचार, मग ताट

निदान कळलं की घरात सल्ल्यांची रीघ लागते. कुणी दूध सोडायला सांगतं, कुणी साखर, कुणी कसलीशी पावडर आणून देतं. तिकडे ऑपरेशनची तारीखही घाईघाईत ठरून जाते. पण काय खायचं हे बरंचसं उपचारावर अवलंबून असतं आणि उपचार रिपोर्टवर. म्हणून सुरुवात कागदांपासून करा.

१. रिपोर्टमधल्या तीन गोष्टी वहीत उतरवा

पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण), बायोप्सीतला, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीतला, ग्लीसन स्कोअर (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात याचा आकडा) आणि स्टेज (आजार किती पसरलाय). पीएसए १० च्या आत, ग्लीसन ६ आणि गाठ लहान, प्रोस्टेट ग्रंथीच्या आतच असेल तर आजार सहसा कमी धोक्याचा समजतात. पीएसए २० च्या वर किंवा ग्लीसन ८ ते १० असेल तर जास्त धोक्याचा. प्रोस्टेट वाढल्यामुळे फिनास्टेराइडची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गोळीने पीएसए जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. बायोप्सीच्या काचा (नमुना लावलेल्या काचपट्ट्या) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाव्याशा वाटल्या तर संकोच करू नका, पुढचं सगळं त्या वाचनावर उभं असतं.

२. लगेच उपचार हवाच का, हे विचारा

ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात ग्रंथीपुरता कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागलं होतं. १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होते. मात्र आजार इतरत्र पसरण्याचं प्रमाण देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, तर बाकी दोन्हींत ५ टक्क्यांच्या आसपास होतं. मला यातून दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. कमी धोक्याच्या आजारात विचार करायला वेळ असतो. आणि देखरेख म्हणजे घरी स्वस्थ बसणं नव्हे. पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी, हे वेळापत्रक पाळणार असाल तरच हा मार्ग घ्या. जास्त धोक्याच्या किंवा पसरलेल्या आजारात मात्र उपचार लांबवू नका.

३. दोन्ही तज्ज्ञांना भेटा

ऑपरेशन करणारे आणि रेडिएशन देणारे, दोघांनाही. शक्य असेल तर जोडीदाराला सोबत न्या, कारण प्रश्न दोघांच्याही आयुष्याचा आहे. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा आणि लिंगाची ताठरता यांवर परिणाम होऊ शकतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनआधीच शिकून घ्या. रेडिएशनचा त्रास जास्त करून आतड्यांना आणि मूत्राशयाला होतो, ताठरताही हळूहळू कमी होऊ शकते. आणखी एक मुद्दा: ऑपरेशननंतर आजार उलटला तर रेडिएशन देता येतं, पण रेडिएशननंतर ऑपरेशन करणं बरंच अवघड असतं.

४. आता ताटाकडे वळा

आहाराने हा कॅन्सर बरा होत नाही, हे मला स्पष्टच सांगायचं आहे. देखरेखीवर असलेल्या पुरुषांना भरपूर भाज्या खायला प्रवृत्त करणारा एक नीट आखलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी भाज्या खरंच वाढवल्या, पण दोन वर्षांत आजाराच्या वाढीत फरक पडला नाही. तरीही भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं खायचीच, कारण या आजाराच्या अनेक रुग्णांना खरा धोका हृदयविकाराचा असतो.

पूरक गोळ्यांबाबत जास्त सावध राहा. ३५,००० हून अधिक पुरुषांच्या सिलेक्ट अभ्यासात व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. तेव्हा घरी येणारी प्रत्येक पावडर आणि काढा डॉक्टरांना दाखवा.

५. उपचाराप्रमाणे खाणं बदला

हार्मोन थेरपी (टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी करणारा उपचार) चालू असेल तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. टेस्टोस्टेरॉन घटल्यावर हाडं ठिसूळ होतात, स्नायू झडतात, पोट सुटतं, रक्तातली साखर वाढू शकते. दर जेवणात प्रथिनं ठेवा: डाळी, अंडी, मासे, दुधाचे पदार्थ, जे चालत असेल ते. कॅल्शियम दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम पुरे, आहारातलं धरून. व्हिटॅमिन डी तपासून घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे व्यायाम करा. स्नायू टिकवायला नुसतं चालणं पुरत नाही. हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन ठरलं असेल तर आधी दात तपासून घ्या, कारण नंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

अ‍ॅबिराटेरॉन या हार्मोन थेरपीतल्या औषधाची नेहमीची गोळी उपाशीपोटीच घ्यायची. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खाऊ नका. तेलकट जेवणासोबत ती घेतली तर औषध रक्तात कित्येक पट जास्त शोषलं जातं.

रेडिएशन चालू असताना जुलाब लागले तर कोंडा, कच्च्या भाज्या काही दिवस कमी करा, पाणी वाढवा. पोट स्थिरावलं की पुन्हा सुरू करा.

६. हे झालं तर थांबू नका

आजार हाडांत गेला असेल आणि अचानक पाठ जोरात दुखू लागली, पायांतलं बळ गेलं, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.