"आपल्याला लिहिता येत नाही" असं वाटायला लागलं की काय करायचं

पहिलं म्हणजे लिहिताना मागे वळून वाचायचं नाही. मी दोन ओळी लिहायचो, वाचायचो, खोडायचो, तासाभराने स्क्रीन परत कोरीच, मग वाटायचं आपल्यात तो दमच नाहीये. आता सरळ २० मिनिटांचा टायमर लावतो आणि शब्द अडला की तिथे "इथे काहीतरी" टाकून पुढे जातो. भंगार निघतं, निघू दे. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी.

आपलं पितळ उघडं पडेल ही भीती चांगलं काम करणाऱ्यांनाही असते बरं का, १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी यशस्वी बायकांमध्ये हेच पाहिलं आणि त्याला इम्पोस्टर फेनॉमेनन म्हटलं. म्हणजे भीती वाटते म्हणून लिखाण वाईटच, असं काही नसतं.

ड्राफ्ट दाखवायचा तर एकालाच, आणि "कसं वाटलं?" विचारू नका, "कुठे कंटाळा आला?" विचारा, कारण "छान आहे"चा काडीचा उपयोग नसतो. मला एका मित्राने सांगितलं, आजी दारात येते तिथून नीट वाचलं, आधीचं नुसतं चाळलं. राग आला थोडा. पण वरची दीड पानं उडवली आणि गोष्ट आजीपासूनच सुरू केली.