एकच द्राक्ष, तीन मुलुख: वाइनचा प्रदेश चवीवरून कसा ओळखावा

प्रदेशाचा फरक कळायला हवा असेल तर द्राक्ष एकच ठेवा, जागा बदला. आज शिराझ, पुढच्या महिन्यात शार्दोने असं चाखलं, तर फरक द्राक्षाचा की मातीचा हे उमगत नाही. सुरुवातीला सॉव्हिन्यॉन ब्लाँ या द्राक्षाची पांढरी वाइन घ्या, तिचा वास चटकन ओळखू येतो.

तीन बाटल्या आणा: नाशिकची, न्यूझीलंडच्या मार्लबरोची आणि फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातल्या सान्सेरची. सान्सेरच्या लेबलवर बहुधा द्राक्षाचं नाव नसतं. पांढरी बघून घ्या. लाल सान्सेर पिनो न्वार या वेगळ्या द्राक्षाची असते. सान्सेर महाग पडते, म्हणून सहा जणांत वर्गणी काढा. उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका.

बाटल्या तीन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि ओतण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा. 8 ते 10 अंश पुरे. त्याहून गार असली की वास दबतो. ग्लासात बर्फ नको. खोलीत फोडणी, उदबत्ती, अत्तर यांपैकी काहीही नको, कारण इथे सगळं काम नाकाचं आहे.

एकाने बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून आकडे घालावेत. प्रत्येकाला तीन सारखे ग्लास, प्रत्येकात 50 मिली. आधी न हलवता हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा. ढोबळी मिरची कापल्यावर येतो तसा हिरवा वास मेथॉक्सीपायराझिन या द्राक्षातल्या रसायनाचा. द्राक्ष पिकेल तसा तो कमी होतो. मार्लबरोत त्याच्यासोबत पॅशनफ्रूट उसळून येतं. सान्सेर दबकी असते, लिंबाच्या सालीसारखी.

आता छोटा घोट तोंडात पाच सेकंद घोळवा, गिळा किंवा थुंका, आणि जबड्याच्या कोपऱ्यात किती लाळ सुटते ते बघा. तेच आम्लाचं माप. उष्ण हवेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल झपाट्याने घटतं. म्हणूनच नाशिकला सप्टेंबरच्या सुमारास छाटणी करून पीक थंडीत पिकवतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. तरीही सान्सेरची धार बहुधा जास्त जाणवते.

ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तो प्रदेशाचा गुण नाही, बूच बिघडलंय. काप काळवंडलेल्या सफरचंदासारखा वास म्हणजे वाइनला हवा लागली. अशी बाटली तुलनेतून काढा.

खाणं नंतर. तिखटाने दारूची जळजळ वाढते. तळलेलं पापलेट आणि लिंबू मात्र तिन्हींना चालतं. उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी तिन्ही पुन्हा हुंगा आणि कोणाचा वास आधी विरला ते टिपून ठेवा.