दुसरी छत्री बंद करा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या माझ्या स्टुडिओचं भाडं पासपोर्ट फोटोंवर निघतं. त्यासाठी दोन स्टँड, फ्लॅशचा उजेड पसरवणाऱ्या दोन पांढऱ्या छत्र्या आणि डावी-उजवीकडून सारखाच उजेड, अशी मांडणी कायम उभी असते. नाकाखाली, कानामागं, भिंतीवर कुठंच सावली पडायची नाही. सरकारी फॉर्मला तेच लागतं. घोटाळा पुढं होतो. पोर्ट्रेट काढून घ्यायला आलेला माणूसही आपण त्याच दोन छत्र्यांच्या मधे बसवतो, आणि आयुष्यभर कुस्तीच्या हौद्यात उतरलेल्या वस्तादाचा फोटो आधार कार्डावरच्यासारखा सपाट येतो.

माझ्याकडं शिकायला येणारी पोरं पहिल्यांदा विचारतात, "दादा, तिसरा लाइट कुठला घेऊ?" मी म्हणतो, आधी दुसरा बंद कर, मग बोलू.

दुसरी छत्री बंद केली तरी गालाची ती बाजू हवी तेवढी काळी होत नाही. स्टुडिओच्या पांढऱ्या भिंती, छत, फरशी, फोटोग्राफरचा पांढरा शर्टसुद्धा उजेड परत फेकत असतो. म्हणून त्या बाजूला काळं कापड टांगायचं, चेहऱ्यापासून हात-दोन हातांवर, फ्रेमच्या अगदी कडेला. गालाचं हाड, जबड्याची रेघ, मानेची शीर एकदम वर येते. कापड महाद्वार रोडवर कुठल्याही दुकानात मिळतं. वेल्वेट सगळ्यात चांगलं, कारण ते उजेड गिळतं. ते महाग वाटलं तर जाडं काळं सुती घ्या. सॅटिन किंवा अस्तराचं कापड घेऊ नका, ते चमकतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

बाकीचं सामान थोडं आहे. बॅटरीवर चालणारा एक फ्लॅश, तो कॅमेऱ्यापासून लांब ठेवून उडवायला ट्रिगर, साधारण ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर चढवायचा, पुढं पांढरा पडदा असलेला कापडी डबा), एक मजबूत स्टँड, दोन-चार मोठे चिमटे, थर्माकोलची एक शीट (एक बाजू काळ्या पोस्टर कलरनं रंगवलेली) आणि दोन मीटर पांढरा मांजरपाट. माझ्याकडं गोडॉक्सचा एडी२०० आहे, २०० वॉट-सेकंदांचा. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या साध्या स्पीडलाइटवरही यातलं बरंचसं काम होतं. स्टुडिओत प्लगवरचा मोठा लाइट चालतो, पण कुस्तीच्या तालमीत सॉकेट शोधत फिरण्यात संध्याकाळ जाते.

सॉफ्टबॉक्सबद्दल एक गैरसमज सगळीकडं आहे, की तो लावला की उजेड आपोआप मऊ होतो. मऊ होतो तो चेहऱ्याच्या जागेवरून बघितलं तर उजेडाचा तुकडा मोठा दिसतो म्हणून. ९० सेंटिमीटरचा बॉक्स एक मीटरवर असेल तर सावलीची कड हळूहळू विरते. तोच बॉक्स चार मीटरवर नेला की तो चेहऱ्याच्या हिशेबानं लहानसा ठिपका होतो आणि सावली कडक पडते. लाइट फ्रेममध्ये दिसेल या भीतीनं लोक तो मागं मागं नेतात. जवळ आणा. फ्रेममध्ये कोपरा आला तर अर्धा फूट सरकवा, त्याहून जास्त नको.

तालमीत

कोल्हापूरच्या तालमीत फोटो काढायला मिळणं हे आपलं भाग्य आहे, पण तिथला उजेड अवघड असतो. वर दोन-तीन ट्यूबलाइट, एका बाजूनं दाराचा उजेड, खाली तांबडी माती. आधी वस्तादांना विचारायचं. चपला बाहेर काढायच्या. हौद्यात पाय ठेवायचा नाही, स्टँड काठावरच लावायचा, वस्तादांनी आपणहून "ये आत" म्हटलं तरच उतरायचं. आणि कुस्ती धरलेली असताना तोंडावर फ्लॅश मारायचा नाही. डोळे दिपले आणि डाव चुकला तर हाडावर बेततं. जोर, बैठका, मालिश झाल्यावर पैलवान जरा मोकळा असतो, तेव्हा त्याला काठावर उभा करा.

पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून घ्या. शटर १/१६० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडणं) एफ ५.६, आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो ते) १००. हा फोटो जवळजवळ काळाठिक्कर आला पाहिजे. ट्यूबलाइटचा हिरवट उजेड फोटोतून गेला याची ती खूण. आता फोटोत जे काही दिसेल ते फक्त तुमच्या फ्लॅशनं. शटरचा वेग वाढवून आणखी काळोख करायला जाऊ नका. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढं गेलं की फ्लॅशच्या फोटोत काळा पट्टा येतो.

मग फ्लॅश १/१६ पॉवरवर सुरू करा. लाइट पुस्तकात सांगतात तसा पंचेचाळीस अंशांवर न लावता पैलवानाच्या जवळपास बाजूला न्या, सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत, डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडा वर. खांदा, छाती, दंड यांचा आकार कडेनं आलेल्या उजेडातच कळतो. चेहरा अर्धा काळा झाला तर पैलवानाला नाक किंचित लाइटकडं वळवायला सांगा. काळ्या बाजूच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण आला की थांबा. त्याला रेम्ब्रां लाइटिंग म्हणतात. दुसऱ्या बाजूला काळं कापड घेऊन एखादं पोरगं उभं करा. तालमीत पोरांना तोटा नाही.

मागची भिंत काळी करायला वेगळं काही लागत नाही. उजेड अंतराच्या वर्गाच्या हिशेबानं कमी होतो. पैलवान लाइटपासून एक मीटरवर आणि भिंत तीन मीटरवर असेल तर भिंतीवर एक नवमांश उजेड पोचतो, म्हणजे तीन स्टॉपहून जास्त काळोख (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). भिंतीवरचा मारुती थोडा दिसायला हवा असेल तर पैलवान आणि लाइट दोन्ही मिळून भिंतीकडं सरकवा. पॉवरला हात लावायची गरज नाही.

अंगावर काय आहे यावर लाइट ठरतो. हौद्यातल्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल घातलेलं असतं. ती माती अंगाला लागून सुकली की कातडी चमकत नाही. अशा वेळी सॉफ्टबॉक्सचा पुढचा पडदा काढून जरा कडक उजेड वापरला तरी चालतो, मातीचे कण उठून दिसतात. मालिशच्या तेलानं माखलेल्या अंगावर तोच कडक उजेड पांढरे जळके ठिपके पाडतो. तिथं पडदा परत लावा आणि बॉक्स आणखी जवळ आणा, म्हणजे चमक पसरट होते. पॉवर मात्र त्या हिशेबानं उतरवा.

आणि कुस्तीत मोडलेला कान. नवखे फोटोग्राफर तो सावलीत टाकतात, कारण कुणीतरी शिकवलेलं असतं की माणसाचं व्यंग झाकावं. पैलवानाचा तो कान ही त्याची कमाई आहे. तो लाइटच्या बाजूला घ्या.

माती उधळतानाचा फोटो हवा असेल तर दुसरा लाइट लागतो, हे मान्य. तो पैलवानाच्या मागं, खाली, अंगाआड लपवून, कॅमेऱ्याच्या दिशेनं. धूळ समोरून दिसत नाही, मागून उजेड आला की पेटते. फ्लॅशवर पातळ प्लास्टिक गुंडाळा, फोटो झाला की लगेच काढा, नाहीतर आत उष्णता कोंडते. तालमीत लेन्स बदलू नका.

वाड्यातली खिडकी

म्हाताऱ्या माणसांना फ्लॅशपेक्षा खिडकी बरी. त्यांना डोळ्यांवर लख्ख उजेड सोसत नाही आणि आपल्या घरातल्या जागेवर ती मोकळी बसतात. इथंही नियम तोच. एक खिडकी ठेवा, बाकीच्या लावा, घरातले बल्ब बंद करा. आपल्या पाठीमागचं दार उघडं राहिलं तर तोच दुसऱ्या छत्रीचा घोळ पुन्हा होतो. माणूस खिडकीला लागून बसवू नका, दीड-दोन फूट आत घ्या आणि खिडकीच्या पुढच्या कडेच्या जरा मागं, म्हणजे उजेड अर्धवट समोरून येतो. फार कडक वाटला तर खिडकीला मांजरपाट लावा.

चित्रकार उत्तरेची खिडकी मागतात, कारण तिथून थेट ऊन येत नाही, असं पुस्तकात असतं. ती पुस्तकं युरोपातली. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडं दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सगळ्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन शिरतं. तेव्हा मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीवरही कापड तयार ठेवा.

पश्चिमेच्या दारातून मावळतीचं ऊन आत खोलवर येतं ते थंडीच्या दिवसांत काही घरांत फार सुंदर असतं. ते कधी येईल हे अंबाबाईच्या किरणोत्सवावरून शिकावं. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळते किरण महाद्वाराकडून गाभाऱ्यात येतात; परंपरेनं पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. या दोन्ही तारखा २१ डिसेंबरच्या सगळ्यात लहान दिवसापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, कारण त्या दिवसांत सूर्य आकाशात एकाच वाटेनं जातो. एखाद्या वाड्यात १५ नोव्हेंबरला ऊन बरोबर कोनाड्यापर्यंत आलेलं दिसलं आणि कॅमेरा जवळ नसला, तर जानेवारीच्या २६-२७ तारखेला तिथं परत जा. मी अशा तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहून ठेवतो.

पावसाळ्यात ढगाळ उजेड मऊ असतो, पण तो वरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. अंगणात न बसवता सोप्यात (ओसरीत), कौलांच्या कडेखाली बसवा. वरचा उजेड कापला जातो आणि समोरचा उरतो.

चष्म्यात लाइट दिसत असेल तर लाइट वर न्या किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. फेट्याचा घोळ कपाळावर सावली टाकतो, तिथं उलट लाइट खाली आणावा लागतो. पांढरी टोपी आणि सावळा चेहरा एकत्र आला की टोपी जळते, नुसती पांढरीफटक येते. सॉफ्टबॉक्स थोडा खाली वळवा, टोपीवर फक्त त्याची कड पडू द्या.

साज, नथ आणि सोनं

लग्नाच्या फोटोंत काळं कापड जपून वापरा. सोनं स्वतःचा रंग कमी आणि समोर जे असेल ते जास्त दाखवतं. समोर काळं असेल तर कोल्हापुरी साजाची पानं काळपट दिसतात. मांजरपाट उभा ताणून त्याच्या मागून फ्लॅश मारा, म्हणजे सोन्याला बघायला एक मोठी पांढरी भिंत मिळते. छातीखाली थर्माकोलची पांढरी बाजू धरा. नथीची सावली ओठावर मिशीसारखी पडते. लाइट जरा खाली घेतला की ती ओठावरून वर सरकते. मेकअपवाल्या ताईंना आधी सांगून ठेवा की रिंगलाइट बंद करणार आहात, नाहीतर ऐन वेळी वाद होतो.

रंकाळा तळ्यावर

मावळतीला सूर्य पाठीमागं घेऊन जोडप्याचे फोटो काढायची हौस सगळ्यांना असते. आधी आकाशापुरतं एक्स्पोजर लावा, शटर १/२०० वर ठेवून अ‍ॅपर्चरनं आकाश हवं तेवढं गडद करा. मग चेहऱ्यापुरता फ्लॅश वाढवा. शटर आकाश सांभाळतं, फ्लॅशवर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळं नंतर अंधार पडत गेला की फक्त शटर हळू करत जायचं. फ्लॅशवर फिकट नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा, नाहीतर मागं सोनेरी संध्याकाळ आणि चेहरे निळसर अशी गत होते.

वाऱ्यात सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो. वाळूची पिशवी लावलेला स्टँडसुद्धा तळ्याच्या कट्ट्यावर आडवा होतो. तिथं स्टँड नकोच. मोनोपॉडला (एका पायाच्या दांड्याला) फ्लॅश लावून तो मित्राच्या हातात द्या, आणि मित्राची उंची कमी पडत असेल तर त्याला कट्ट्यावर चढवा.