मॅकवर गेम खेळायचे आहेत? पैसे मोजण्याआधी हे तपासा

इंजिनिअरिंगला नंबर लागला की सोलापुरातल्या बऱ्याच घरांत लॅपटॉपची बोलणी सुरू होतात. पोराला ॲपलचं मॅकबुक हवं असतं, वडील किंमत ऐकून गप्प होतात. "अभ्यासालाच हवंय" असं घरी सांगणारा हाच पोरगा मित्राला मात्र वेगळंच विचारतो, "काय बे, व्हॅलोरंट चालतंय का ह्याच्यावर?"

नाही चालत. पण म्हणून मॅकवर गेमच चालत नाहीत, असंही नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. निव्वळ गेमसाठी मॅक घेऊ नये. लाखभर रुपयांत वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला विंडोज लॅपटॉप येतो आणि त्यावर जवळपास सगळंच चालतं. मात्र कोडिंग, व्हिडिओ एडिटिंग, डिझाईन अशा कामासाठी मॅक घ्यायचाच असेल, किंवा तो घरात आधीच असेल, तर त्यावर काय खेळता येईल हे नीट तपासता येतं.

पहिली पायरी: गेमची नावं कागदावर लिहा

मशीन बघायला जाण्याआधी हे करा. तुम्ही आणि तुमचा ग्रुप खरोखर जे खेळता तेच लिहा, कधीतरी खेळू म्हणून ठेवलेली नावं नकोत. यादीत व्हॅलोरंट, जीटीए ५, ईए एफसी, काउंटर-स्ट्राइक २ किंवा कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोन यांचा भरणा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, विंडोज घ्या. यातला एकही मॅकसाठी निघत नाही. व्हॅलोरंटचं तर चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसतं, त्यामुळे तिथे कुठलीही पळवाट चालत नाही. बीजीएमआय मुळात फोनचा गेम, तो फोनवरच खेळा.

एकट्याने निवांत खेळायच्या गेमची यादी असेल तर चित्र बदलतं. बाल्डर्स गेट ३, रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज, नो मॅन्स स्काय, डेथ स्ट्रँडिंग, लाइज ऑफ पी, स्टारड्यू व्हॅली, हेडीस हे सगळे मॅकसाठी आलेले आहेत. सायबरपंक २०७७ जुलै २०२५ मध्ये आला. ऑनलाईन खेळणाऱ्यांसाठी डोटा २, लीग ऑफ लेजेंड्स आणि माइनक्राफ्टची जावा आवृत्ती आहे.

दुसरी पायरी: स्टीमवर प्रत्येक नाव पडताळा

स्टीम हे गेम विकणारं ऑनलाईन दुकान आहे. तिथे गेमचं पान उघडा आणि किमतीजवळ सफरचंदाचं चिन्ह आहे का बघा. तेवढ्यावर थांबू नका. खाली सिस्टीम रिक्वायरमेंट्समध्ये मॅकओएसचा (मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा) रकाना असतो, तो पूर्ण वाचा. कारण २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ॲपलने ३२-बिटची, म्हणजे जुन्या पद्धतीची, सॉफ्टवेअर चालवणं बंद केलं आणि एका फटक्यात कितीतरी जुने गेम मेले. काहींच्या पानावर सफरचंद अजून आहे, गेम मात्र उघडत नाही.

'इंटेल' (जुन्या मॅकमधली चिप) लिहिलेले ६४-बिट गेम नव्या मॅकवर रोझेटा नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात. ही सोय कायमची नाही. मॅकओएस २७ पर्यंत ती पूर्ण राहील आणि त्यानंतर फक्त काही जुन्या गेमपुरती, असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे.

तिसरी पायरी: घरातला मॅक ओळखा

वर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' उघडा. इंटेल दिसलं तर बूट कॅम्प या ॲपलच्याच सोयीने त्यात खरं विंडोज टाकता येतं, पण मशीन जुनं आहे, फार आशा ठेवू नका. ॲपलची स्वतःची एम१ किंवा त्यापुढची चिप असेल तर बूट कॅम्प नाही, पण नवे गेम याच चिपसाठी लिहिले जातात. एम३ पासून रे ट्रेसिंगही (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं तंत्र) चिपमध्येच आलं आहे.

चौथी पायरी: नवा घेताना रॅम, जागा आणि ऊन

रॅम नंतर वाढवता येत नाही, ती चिपसोबतच जोडलेली असते आणि ग्राफिक्सही तीच वापरतं. त्यामुळे सेकंडहँड ८ जीबीचा मॅक स्वस्तात मिळाला तरी गेमसाठी घेऊ नका. सायबरपंकला कमीत कमी १६ जीबी लागतेच.

जागेचं गणितही करून बघा. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी लागते. २५६ जीबीच्या मॅकमध्ये तो टाकला की कॉलेजच्या कामाला फारसं काही उरत नाही. बाहेरून जोडायची एसएसडी घ्या, स्टीममध्ये तिच्यावर वेगळी लायब्ररी करता येते. आणि ५० एमबीपीएसच्या लाईनवर तेवढं डाऊनलोड व्हायला साडेसहा-सात तास जातात, म्हणून ते रात्री लावून झोपा.

आता ऊन. शोरूममधल्या एसीत याबद्दल कुणी बोलत नाही. मॅकबुक भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश असताना वापरावं, असं ॲपलच सांगतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या वरच्या खोलीत दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको. मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. सगळी उष्णता धातूच्या अंगातून बाहेर पडते. गेम सुरुवातीला लोण्यासारखा चालतो, मग मशीन तापतं, चिप स्वतःच वेग कमी करते आणि चित्र अडखळायला लागतं. यात बिघाड काही नसतो, रचनाच तशी आहे. एअर असेल तर ती टेबलावर, थोडी उचलून ठेवा. गादीवर चादर पसरून तिच्यावर ठेवली तर खालून उष्णता निघायला वावच राहत नाही. उन्हाळ्यात खेळ रात्रीच बरा.

म्हणून गेम खेळणाऱ्याने एअरपेक्षा पंखा असलेलं मशीन बघावं. मॅकबुक प्रो महाग पडतं, पण मॅक मिनी या छोट्या डेस्कटॉपमध्ये पंखा आहे आणि एम४ चा मिनी २०२४ मध्ये १६ जीबी रॅमसह ५९,९०० रुपयांपासून आला होता. मॉनिटर, कीबोर्ड घरात असतील तर माझी पसंती त्यालाच. फक्त त्याला बॅटरी नसते, लाईट गेली की खेळ तिथेच संपला, तेव्हा यूपीएसचे पैसे धरून चाला.

पाचवी पायरी: विंडोजचाच गेम हवा असेल तर

क्रॉसओव्हर नावाचं पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर विंडोज न टाकता विंडोजचे गेम चालवतं. ॲपलने २०२३ मध्ये काढलेलं गेम पोर्टिंग टूलकिटचं तंत्र त्यात वापरलेलं आहे. १४ दिवस ते फुकट वापरता येतं, तेवढ्यात यादीतला गेम टाकून बघा. एकट्याने खेळायचे गेम पुष्कळदा चालतात. ज्या ऑनलाईन गेमला कडक चीटिंग-बंदी आहे, ते बहुतेक वेळा दारातूनच परत पाठवतात. क्लाऊड गेमिंग, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा गेम इंटरनेटवरून खेळणं, हा आणखी एक मार्ग, पण तिथे मॅकपेक्षा तुमच्या इंटरनेटचीच परीक्षा होते.

खेळायला बसताना

गेम फुल स्क्रीनवर ठेवा, तरच मॅकओएसचा गेम मोड आपोआप चालू होतो. मॅकबुकच्या पडद्याचं पूर्ण रिझोल्यूशन वापरायचा हट्ट सोडा. एक-दोन पायऱ्या खाली आणा आणि सेटिंगमध्ये मेटलएफएक्स (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून स्पष्ट दाखवणारं ॲपलचं तंत्र) दिसलं तर चालू करा, वेगातला फरक लगेच कळेल. फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर किंवा एअरवर ३० वर बांधून टाकल्या की मशीनही कमी तापतं. प्लेस्टेशन ५ चा किंवा एक्सबॉक्सचा वायरलेस कंट्रोलर ब्लूटूथने सरळ जोडला जातो.

गेम विकत घेताना पहिली खरेदी स्टीमवरूनच करा. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर तिथे पैसे परत मागता येतात. ते दोन तास मेनूत आणि कथेच्या व्हिडिओत घालवू नका. थेट जिथे गर्दी आणि मारामारी आहे तिथवर पोहोचा, मशीन तापू द्या आणि मग ठरवा. शिवाय स्टीमवर मॅकची आवृत्ती सहसा त्याच खरेदीत येते, त्यामुळे उद्या विंडोज घेतलंत तरी तो गेम पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.