पातळ नेकसाठी ट्रस रॉड घेताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यापासून रामबागेतल्या माझ्या खोलीत इलेक्ट्रिक गिटारच्या पाच नेक (बोटं फिरवायची लांब दांडी) दुरुस्तीला आल्या. पाचही घरी बनवलेल्या आणि पाचही पातळ. त्यातल्या चार एकाच कारणाने बिघडलेल्या होत्या. नेकचं चित्र आधी काढलं आणि ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आत खाचेत बसणारी, तिचा बाक आवळून सुधारणारी सळई, नंतर मागवला. इंदूरच्या पोरांचा हात चांगला आहे, लाकूडही ते नीट निवडतात, म्हणून ही चूक पाहून जास्त वाईट वाटतं. रॉड आधी हातात येऊ द्या, व्हर्निअरने मोजा, मग पेन्सिल उचला.

जाडीचा हिशोब न करणं

समजा, पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) 18 मिमी जाडी हवी आहे. त्यातले 6 मिमी फ्रेटबोर्डचे, म्हणजे वर चिकटवलेल्या फ्रेटच्या फळीचे गेले, खाली लाकूड उरलं 12. दोन सळयांचा नेहमीचा टू-वे, म्हणजे नेक दोन्ही दिशांना वळवू शकणारा रॉड साधारण 11 मिमी खोल खाच मागतो. म्हणजे खाचेखाली उरला 1 मिमी. तोही फक्त मधोमध, कारण पाठ गोल असते आणि 6 मिमी रुंद खाचेच्या दोन्ही कोपऱ्यांशी लाकूड आणखी कमी भरतं. वर पॉलिश पेपर फिरवायचा बाकीच आहे. पट्टी आणि सळई असलेला बुटका टू-वे रॉड 9 मिमीत बसतो, तेव्हा खाली 3 मिमी राहतात. त्याहून कमी मी ठेवत नाही.

लाकूड तिथेच का लागतं, हेही समजून घ्या. तारांच्या ओढीविरुद्ध टू-वे रॉड आवळला की त्याचा मधला भाग वर उचलतो आणि फ्रेटबोर्डला ढकलतो. दोन्ही टोकं मात्र खाली, खाचेच्या तळावर दाबतात. त्यातलं एक टोक नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिथे येतं, आणि नेक सगळ्यात पातळ तिथेच असते.

इंजिनिअरिंगचा एक मुलगा सागवानाची नेक घेऊन आला होता. काम सुबक होतं. घरी शिकंजा नाही म्हणून पाठ घासायचं शेवटचं काम त्याला माझ्याकडे करायचं होतं. विकणाऱ्याने रॉड ‘लो प्रोफाइल’, म्हणजे बुटका, म्हणून दिला होता. याने तो न मोजताच खाच पाडली, रॉड टाकला आणि फ्रेटबोर्ड चिकटवून मोकळा झाला.

“खाच किती खोल आहे रे?” मी विचारलं.

“रॉड बसेल एवढी, काका.”

तो कानस मारत होता, मी शेजारी दुसरं काम करत होतो. पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या मध्ये आवाज बदलला. भरीव लाकडावर कानस खरखरते, इथे ती रिकाम्या डब्यावर घासल्यासारखी वाजली. मी “थांब” म्हणेपर्यंत त्याचे आणखी चार हात मारून झाले होते. सागवानाच्या पिवळट रंगात पेन्सिलीच्या रेघेएवढी करडी रेघ उमटली. तिच्यावर बोट ठेवलं तर गार लागलं. रॉड उघडा पडला होता.

फ्रेटबोर्ड इस्त्रीने तापवून पातळ सुरीने सोडवला, रॉड काढून घेतला, नेकचं लाकूड गेलं. रॉड मोजला तर पुरा 11 मिमीचा. नवी नेक आम्ही 20 मिमीची केली, कारण रॉड तोच वापरायचा होता: 6 फ्रेटबोर्डचे, 11 खाचेचे, 3 तळाचे. आता तो तीच वाजवतो आणि जाड वाटते अशी तक्रार करत नाही. 20 आणि 18 मधला फरक हाताला आठवडाभर जाणवतो, एवढ्यासाठी नेक पणाला लावू नये.

पातळ नेक आणि वन-वे रॉड

गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना 1923 मध्ये ज्या रॉडचं पेटंट मिळालं, तो एकाच दिशेने काम करणारा होता. तेव्हा तारा जाड होत्या, नेकही भरीव होत्या. वाकड्या खाचेतला वन-वे रॉड नटपाशी कमी खोली मागतो, म्हणून पातळ नेकसाठी तो मोह पाडतो. पण आज बहुतेक जण 9-42 चा सेट लावतात (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). त्याची एकूण ओढ सुमारे 38 किलो, 10-46 ची 46 च्या पुढे. हलक्या तारांखाली पातळ नेक मागे वळली, तर वन-वे रॉड तिला पुढे आणू शकत नाही. आपल्याकडे मे महिन्यात सगळं कोरडं ठक्क आणि आषाढात हवा ओली. लाकूड कोणत्या बाजूला जाईल याची हमी मी तरी देत नाही. म्हणून बुटका टू-वेच घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालेल.

बारीकसारीक चुका

लांब रॉड कापून बसवू नका, टू-वे तर मुळीच नाही. योग्य लांबीचाच मागवा.

सियागंजातून आटे पाडलेली सळई आणून रॉड घरी बनवायचा प्रयोग पहिल्या नेकवर करू नका.

गोंद खाचेत उतरला की रॉड कायमचा अडकतो. मी खाचेवर मास्किंग टेप लावतो, गोंद पसरतो, टेप ओढून काढतो आणि मगच फ्रेटबोर्ड ठेवतो. रॉड खुळखुळू नये म्हणून सिलिकॉनचे दोन ठिपके पुरतात.

रॉडचं तोंड, म्हणजे की घालायची जागा, हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या बाजूला) ठेवलं तर नटमागचं लाकूड आणखी पोखरावं लागतं. पातळ नेकला ते हीलकडेच, म्हणजे बॉडीच्या बाजूलाच ठेवा.

चुकीची ॲलन की आणि घाई

याचा मला खरोखर राग येतो. काही रॉडना 1/8 इंचाची की लागते, म्हणजे 3.175 मिमी. घरात 3 मिमीची असते, ती जाते, थोडी हलते, आणि तिसऱ्यांदा जोर लावला की आतले कोपरे गोल होतात. 3/16 इंच म्हणजे 4.76 मिमी. तिथे 5 ची जात नाही आणि 4.5 ची घसरते. कोपरे गेले की चांगला रॉड नेकमध्ये निकामी होऊन पडतो. म्हणून रॉड मागवतानाच तोंड इंची आहे की मेट्रिक, ते विचारा.

फिरवायचा तो पाव फेराच. मग गिटार ट्यून करा, दहा मिनिटं बाजूला ठेवा, पुन्हा मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. 0.2 ते 0.25 मिमी असली की हात काढून घ्या. मोजायला टू-व्हीलरचे मेकॅनिक टॅपेटसाठी वापरतात तो फिलर गेज चालतो. एका बैठकीत पूर्ण फेरा मारणाऱ्याच्या हातात मी की देत नाही.

नेक परत देताना तिची बरोबर मापाची की मी केसच्या आतल्या कडीला दोऱ्याने बांधून देतो.